छायाचित्रणाचे पुस्तक आणि मांडूचे ऊन

छायाचित्रण शिकावयाचे तर कोणते पुस्तक घ्यावे, असा प्रश्न आमच्या देवस्थानच्या मंडळींतील तरुण हल्ली आम्हांस वारंवार विचारतात. वरवर पाहता प्रश्न किरकोळ आहे. पण आमच्याकडील कित्येक देवळांचे लाकडी खांब, कोरीव तुळया आणि कौलारू सभामंडप जीर्णोद्धारात नाहीसे झाले, आणि त्यांची जी छायाचित्रे उरली ती एकतर काळवंडलेली, नाहीतर पांढरी फटफटीत. कोरीव कामाची एक रेघ त्यांत दिसेल तर शपथ! उतरविलेला खांब पुन्हा उभा राहत नाही. तेव्हा तो उतरविण्यापूर्वी ज्याच्या हाती कॅमेरा असेल त्यास आपले काम येत असावे, एवढ्याचसाठी आम्ही या प्रश्नात लक्ष घातले.

पुस्तकावरून अशी विद्या येते काय, अशी शंका घेणाऱ्यांनी दादासाहेब फाळके यांचे स्मरण करावे. बडोद्याच्या कलाभवनात ते छायाचित्रण शिकले आणि पुढे पुराणवस्तुखात्यात छायाचित्रकार म्हणून राहिले. परंतु चलच्चित्राची विद्या शिकविणारा गुरू त्यांस येथे मिळण्यासारखा नव्हता. त्यांनी त्या विषयावरील इंग्रजी पुस्तके मिळवून वाचली, १९१२ साली लंडनला जाऊन यंत्रसामग्रीची सोय केली, आणि वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपून वाचलेले पडताळून पाहिले. ‘राजा हरिश्चंद्र’ त्यानंतरचा, १९१३ सालचा. यात आम्हांस महत्त्वाची वाटते ती वाटाण्याची कुंडी. जे पुस्तक वाचकास अशा एखाद्या कुंडीपाशी नेऊन बसवीत नाही, त्याचा फारसा उपयोग नाही.

आम्हांस ती कुंडी मांडूस सापडली. धारजवळचे हे डोंगरी स्थान १९४८ पर्यंत धारच्या पवारांच्या राज्यात होते, म्हणून मराठी माणसास ते अगदीच परके नाही. तीन पुस्तके पिशवीत घालून आम्ही तेथे चार दिवस राहिलो. एक होते जुन्या इंग्रजी धाटणीचे, तक्त्यांनी भरलेले लहानसे पुस्तक. दुसरे मायकेल लँगफर्ड यांचे ‘बेसिक फोटोग्राफी’, ज्याची पहिली आवृत्ती १९६५ ची. आणि तिसरे ब्रायन पीटरसन यांचे ‘अंडरस्टँडिंग एक्स्पोझर’, १९९० सालचे.

तक्त्यांचे पुस्तक पहिल्याच दिवशी बाद झाले. त्यातील महिनेवार कोष्टके इंग्लंडच्या उन्हास बेतलेली. मांडू कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. तेथे उन्हाळ्यात मध्यान्ही सूर्य थेट माथ्यावर येतो, माणसाची सावली त्याच्याच पायाखाली दडते आणि नक्षीचे उठाव सपाट दिसू लागतात. ही गोष्ट त्या कोष्टकास ठाऊक असण्याचे कारणच नाही.

खरी परीक्षा झाली ती होशंगशहाच्या मकबऱ्यापाशी. ही इमारत संगमरवरी, पंधराव्या शतकातली. १६५९ साली शाहजहानचे चार शिल्पी ती पाहावयास आले होते, असा लेख तिच्या दाराशी आहे. म्हणजे इमारतीलाच पुस्तक मानणारे विद्यार्थी आमच्या आधीही येथे येऊन गेले! कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचा प्रत्येक पदार्थ मध्यम करड्या रंगाचा आहे असे धरून चालतो. पांढराशुभ्र संगमरवर पुढे आला की तो बिचारा प्रकाश कमी करतो, आणि चित्रात मकबरा राखेने सारवल्यासारखा उतरतो. तेथे मापकाच्या सांगण्याहून एक-दीड स्टॉप अधिक प्रकाश द्यावा लागतो. काळ्या वस्तूंच्या बाबतीत याच्या नेमके उलट. आमचा चुन्याने रंगविलेला दीपस्तंभ चित्रात मळकट का दिसतो, आणि समयांच्या काजळीने काळा झालेला खांब फिका व विटका का उतरतो, याचे उत्तर या एका नियमात आहे. लँगफर्ड आणि पीटरसन दोघेही हे सांगतात. लँगफर्ड त्याची कारणे खोलात शिरून देतात. पीटरसन चित्रे समोर ठेवून झटपट पटवितात.

हिंडोळा महालाच्या बाहेरील भिंती मुळातच कललेल्या आहेत. कॅमेरा वर उचलला की सरळ भिंतीही चित्रात आत कलतात. येथे तर गवंड्याने दिलेला कल कोणता आणि आपण आणलेला कोणता, हे नवशिक्यास उमगत नाही. भिंगाचे आणि यथार्थदर्शनाचे प्रकरण ज्या पुस्तकात नाही, त्याने देवळाचे शिखर धड यावयाचे नाही. जहाज महालाविषयी आम्ही लिहीत नाही. तळ्यातील त्याचे प्रतिबिंब सर्वच जण काढतात, आणि ते चांगलेच येते.

शेवटच्या दिवशी नीलकंठास गेलो. अकबराच्या काळी मोगल सुभेदाराने दरीच्या काठी बांधविलेल्या त्या विहारवास्तूत आज शिवलिंगाची पूजा चालते. पायऱ्या उतरून खाली जावे लागते. आत मंद उजेड आणि दिव्याची ज्योत. अशा जागी ट्रायपॉड, लांब एक्स्पोझर आणि दिव्याचा पिवळेपणा धुऊन टाकणारी कॅमेऱ्याची स्वयंचलित योजना बंद ठेवणे, एवढे चांगले पुस्तक शिकविते. परंतु आधी पुजाऱ्यांस विचारावे, नाही म्हटल्यास कॅमेरा पिशवीत घालावा, आणि देवापुढे फ्लॅश मुळीच उडवू नये, हे आम्हांस कोणत्याच पुस्तकात आढळले नाही. आमच्या बहुतेक देवळांत गाभाऱ्याचे छायाचित्र काढण्यास मनाई आहे, ती आम्हांस योग्यच वाटते.

ज्यास बसून अभ्यास करावयाचा आहे त्याने लँगफर्ड घ्यावे. पुढे इतरांनी सुधारलेल्या त्याच्या आवृत्त्यांत डिजिटल कॅमेऱ्याचीही माहिती आहे. ज्यास धीर नाही त्याने पीटरसन घ्यावे. अॅन्सेल अॅडम्स यांचे ‘द निगेटिव्ह’ थोर आहे, पण ते दुसऱ्या वर्षाचे पुस्तक. आणि कॅमेऱ्याच्या पुस्तकाबरोबर त्या जागेचेही एक पुस्तक असावे. मांडूसाठी गुलाम यझदानी यांचा १९२९ चा ग्रंथ आम्हांस फार उपयोगी पडला. कोठे थांबून पाहावयाचे हे त्यानेच दाखविले. आमच्या देवळांवर असा ग्रंथ क्वचितच मिळतो. तेथे वृद्ध सुतारास आणि पुजाऱ्यांस विचारणे, हाच उपाय.

आमच्या भाच्यास आम्ही लँगफर्ड आणून दिले. कार्तिकानंतर आमच्या सभामंडपातील तीन जुने खांब उतरविले जाणार आहेत. पूर्वेचे तिरपे ऊन त्या कोरीव कामावर सकाळी किती वाजता पडते, याची तो सध्या रोज वहीत नोंद ठेवीत आहे.