सुनेची क्लाफुती

डिसेंबर लागला की डँडेनॉन्गच्या बाजारात चेरींचे ढीग दिसू लागतात. हा बाजार १८६६ पासूनचा. क्लीलँड स्ट्रीटवरच्या आताच्या जागी तो १९२६ साली आला. दीडशेहून अधिक देशांत जन्मलेली माणसे ह्या गावच्या परिसरात राहतात आणि मंगळवारी-शुक्रवारी ती सगळीच बाजारात आली आहेत की काय असे वाटते. एकीकडे अफगाणी नानवाला, पलीकडे व्हिएतनामी भाजीवाली, आणि स्टेशनजवळ फॉस्टर स्ट्रीटवर आपल्या मसाल्यांची व साड्यांची दुकाने. १९८६ साली आम्ही मुंबई सोडून येथे आलो तेव्हा चेरी म्हणजे केकवरचे लाल, गोड, रबरासारखे काहीतरी, एवढीच आमची समजूत. माझगावच्या सर एली कदूरी शाळेच्या दाराशी बोरे, चिंचा आणि करवंदे मिळत. चेरी कुठली? येथे पहिल्यांदा ताजी काळी चेरी तोंडात टाकली आणि करवंदाचीच आठवण झाली.

आम्ही चाळीस वर्षे नर्सिंग केले, पैकी पहिली काही मुंबईस व बाकीची येथे. आता निवृत्त आहोत. घरी आम्ही आणि आमचे यजमान, दोघेच. मुलगा वीस मिनिटांच्या वाटेवर राहतो. त्याने २०२२ साली लग्न केले. सून आपल्या समाजातली नाही, यहुदीही नाही. ह्या एका वाक्यात काय काय सामावले आहे ते ह्या मासिकाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. आम्ही रागावलो नाही, भांडलो नाही, लग्नाला गेलो, आशीर्वाद दिला. पण मनात कुठेतरी दार अर्धेच उघडले होते. ते आम्हांला तेव्हा कळले नाही.

त्या डिसेंबरात हनुक्कातला शुक्रवार आला. येथे तेव्हा भर उन्हाळा, सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो. मुलगा-सून पहिल्यांदाच शब्बाथच्या जेवणास यायची होती. आम्ही नारळाच्या रसातले मटण केले, भात केला, चपात्या केल्या, किद्दुशसाठी काळ्या मनुकांचे शरबत केले. आधी हनुक्काचे दिवे, मग शब्बाथचे दिवे लावायचे म्हणून घाई चालली होती. तेवढ्यात सून आली. हातात टॉवेलात गुंडाळलेले मोठे गरम भांडे, बोटे चेरीच्या रसाने जांभळी झालेली. म्हणाली, "मम्मी, ही क्लाफुती. माझी आई दर नाताळच्या सुट्टीत करायची. मी कालपासून चेरीच्या बिया काढते आहे."

आम्ही विचारले, "ह्यात काय काय आहे?"

"अंडी, साखर, थोडा मैदा, दूध. आणि भांड्याला लोणी."

दूध आणि लोणी! टेबलावर मटण. आपल्या घरी काय रीत आहे ते वाचकांस ठाऊक आहे. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, ही मनाई तोरात तीनदा आली आहे, आणि आमच्या घरी मटणानंतर सहा तास दुधाचा चहासुद्धा होत नाही. आम्ही भांडे तिच्या हातातून घेतले, "हे मटणाबरोबर चालत नाही, नियम आहे," असे म्हटले आणि भांडे फ्रिजमध्ये ठेवून दिले. वॉर्डात पेशंटच्या नातेवाइकाने चोरून आणलेला डबा बाजूला ठेवावा, अगदी तसे. तिचा चेहरा उतरला. मुलगा खाली मान घालून जेवला. जेवणानंतर आम्ही सफरचंदाच्या फोडी ठेवल्या.

रविवारी सकाळी यजमानांनी चहाबरोबर एक तुकडा घेतला. म्हणाले, "अगं, हे तर खरवस आणि घावन ह्यांच्या मधलं काहीतरी आहे. खाऊन तरी बघ." काटेकोर वाचक विचारतील, सुनेच्या घरचे भांडे कसले होते? तो प्रश्न आम्हांलाही पडला होता. पदार्थात दूध, अंडी, पीठ व फळ एवढेच आहे, मांसाचा अंश नाही, एवढ्यावर आम्ही थांबलो. तुकडा तोंडात टाकला. खरोखरच चांगला होता. बाजूला कडक, मध्ये मऊ, आणि चेरीचा आंबटगोड रस सगळीकडे मुरलेला. मग घास घशात अडकला. दोन दिवस खपून त्या मुलीने केलेले आम्ही तिच्या देखत, तिच्या पुढ्यात, कुणी चाखलेसुद्धा नव्हते.

त्यानंतर ती दर वेळी फुले आणू लागली. फुलांना दूध-मांसाचा प्रश्न येत नाही. वर्षभर फुले आली आणि वर्षभर आम्ही "किती सुंदर!" म्हणून ती पाण्यात ठेवली.

भगिनींनो, नर्सिंगमध्ये आम्ही नव्या मुलींना एक गोष्ट नेहमी शिकवत असू. मधुमेहाच्या किंवा किडनीच्या पेशंटला "हे खायचे नाही, ते खायचे नाही" असे सांगत सुटू नका. आधी काय खाता येईल ते सांगा. नुसता नकार ऐकलेला माणूस ऐकणेच बंद करतो. चाळीस वर्षे दुसऱ्यांना शिकवलेले आपल्या स्वयंपाकघराच्या दारात आम्ही विसरलो होतो.

मग ठरवले की ही क्लाफुती मटणानंतर चालेल अशी करायची. प्रथम ती आहे तरी काय ते पाहिले. हा फ्रान्सच्या मध्यभागातल्या लिमुझँ प्रांतातला शेतकऱ्यांच्या घरचा पदार्थ. तेथल्या जुन्या बोलीत 'क्लाफिर' म्हणजे भरणे, त्यावरून हे नाव आले असे सांगतात. भांडे काळ्या चेरींनी भरायचे, वर अंडी, दूध, साखर व मैद्याचे पातळ पीठ ओतायचे आणि भाजायचे, एवढाच खटाटोप. तेथे चेरी बियांसकट घालतात, बीमुळे बदामासारखा वास येतो म्हणतात. अस्सल क्लाफुती चेरींचीच. दुसरे फळ घातले की फ्रेंच लोक तिला फ्लोन्यार्द म्हणतात.

दुधाच्या जागी काय घालायचे ह्याचा विचार करताना आम्हांला आमची आई आठवली आणि हसू आले. रोश हशानाला ती चिकाचा हलवा करी तो कशात? नारळाच्या रसात. मटणाच्या जेवणानंतर गोड हवे तर नारळच, हे आपल्या कोकणातल्या आज्या-पणज्यांनी केव्हाच ठरवून ठेवले होते. पावडरचे कस्टर्ड आमच्याकडे फक्त भाजीच्या दिवशी होई, आणि शाळेतल्या मैत्रिणीकडे ते जेवणानंतर कधीही मिळते ह्याचा आम्हांला हेवा वाटे. साठी ओलांडल्यावर तो हेवा फेडायची वेळ आली.

मार्च महिन्यात चेरी नसतात म्हणून आलुबुखार घेऊन पहिला प्रयोग केला. वरून काळा, खालून कच्चा. ओव्हनमध्ये पंखा असतो, आणि पंखा चालू असला की उष्णता सुमारे २० अंश कमी ठेवावी लागते, हे लक्षात राहिले नाही. दुसऱ्या खेपेस उष्णता बरोबर ठेवली, पण फळे सगळी तळाशी बसली आणि पाणी सुटून चिखल झाला. चमच्याच्या मापातही फसलो होतो. येथला मोठा चमचा २० मिलिलिटरचा असतो. औषधाचा १५ मिलिलिटरचा चमचा आमच्या हातात इतका बसलेला की पाकृतीतले माप आम्ही त्याच्यानेच मोजत होतो.

२०२३ च्या डिसेंबरात बाजारात चेरी दिसल्या. हनुक्काच्या आदल्या शुक्रवारी आम्ही एक किलो चेरी घेतल्या, घरी आलो आणि सुनेला फोन केला. फोन उचलण्यापूर्वी दोनदा खाली ठेवला, हेही सांगून टाकतो. म्हटले, "तुझी क्लाफुती आम्हांला जमत नाही. नारळाच्या दुधात करायची आहे, मटणानंतर खाता येईल अशी. येऊन शिकवशील का?"

पलीकडे क्षणभर काहीच ऐकू आले नाही. मग ती म्हणाली, "दुपारी दोनला येते."

आली ती स्वतःचा ॲप्रन घेऊनच. आम्ही सामान मांडून ठेवले होते: अंडी, साखर, मैदा, आणि नारळाच्या दुधाची पावडर. सून पाकीट हातात घेऊन मागची बारीक अक्षरे वाचू लागली. मग आमच्याकडे पाहून म्हणाली, "मम्मी, ह्यात दूध आहे."

"नारळाचंच आहे गं ते."

"नाही, हे बघा. सोडियम केसिनेट. हा दुधातला पदार्थ आहे. खाली ठळक अक्षरांत लिहिलंही आहे." आणि मग हळूच, "हे तुमच्या मटणानंतर चालणार नाही ना?"

आम्ही चष्मा लावून पाहिले. खरेच होते. पावडरची गुठळी होऊ नये, ती नीट मिसळावी म्हणून पुष्कळ ठिकाणी हे घालतात. नियमाच्या राखणदार आम्ही, आणि चूक पकडली तिने! वर्षभर ती आमचा नियम शिकत होती आणि आम्हांला पत्ता नव्हता. आम्ही तिला जवळ घेतले. काय बोललो ते येथे लिहिण्यासारखे नाही. फक्त एवढेच की गेल्या वर्षीच्या शुक्रवारची माफी मागायची राहिली होती, ती मागितली. ती म्हणाली, "मला वाटलं, तुम्हांला मीच चालत नाही." मग दोघी फॉस्टर स्ट्रीटवर जाऊन नारळाच्या दुधाचा डबा घेऊन आलो. डब्यावरचे लेबलही तिनेच वाचले.

आता कृती सांगतो. २६ सेंटिमीटर रुंदीचे, चिनी मातीचे किंवा काचेचे पसरट भांडे घ्यावे. चेरी ५०० ग्रॅम, बिया काढून. बियांसकट करणाऱ्यांनी खुशाल करावे, पण कवळ्या आणि नातवंडे असलेल्या घरी बिया काढलेल्याच बऱ्या. अंडी ४. प्रत्येक अंडे आधी वेगळ्या वाटीत फोडून रक्ताचा ठिपका नाही ना ते पाहावे, मगच पातेल्यात घालावे. त्यात साखर १०० ग्रॅम, चिमूटभर मीठ, थोडी वेलची घालून फेटावे. मैदा १०० ग्रॅम चाळून थोडा थोडा घालावा, गुठळी राहू देऊ नये. शेवटी ४०० मिलिलिटरचा नारळाच्या दुधाचा एक डबा, आधी चांगला हलवून. पीठ घावनाच्या पिठाइतके पातळ होते. ते अर्धा तास झाकून ठेवावे.

भांड्याला लोण्याऐवजी तेल लावून साखर भुरभुरावी. आणि येथे सुनेची युक्ती. पिठाचा पातळ थर आधी भांड्यात ओतून ५ ते ७ मिनिटे भाजून घ्यावा. त्या थरावर चेरी मांडून उरलेले पीठ ओतले की फळे तळाशी बसत नाहीत. ओव्हन १८० अंश, पंख्याचा असल्यास १६०. एकंदर ४० ते ४५ मिनिटे. कडा तपकिरी व्हाव्या आणि मध्यभाग भांडे हलवल्यास किंचित थरथरावा. बाहेर काढल्यावर फुगलेली क्लाफुती खाली बसते. बिघडली म्हणून घाबरू नये, ती तशीच बसते. अंड्याचा पदार्थ असल्यामुळे दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा व वाढण्यापूर्वी अर्धा तास बाहेर काढावा, कारण थंडीने नारळ घट्ट होतो. आठ तुकडे केल्यास प्रत्येकात वरून घातलेली साखर साडेबारा ग्रॅम येते, फळाची व मैद्याची वेगळी. आमच्या यजमानांना मधुमेह आहे, तेव्हा त्यांना अर्धा तुकडा. त्यांची तक्रार चालूच असते.

त्या रात्री दिवे लावले, किद्दुश झाला, मटण झाले. मग सूनच उठली आणि क्लाफुती टेबलावर आणली. मुलाने दोनदा घेतली. तिसऱ्यांदा घेताना त्याने आमच्याकडे पाहिले, आणि आम्ही सुनेकडे.

ते भांडे आता आमच्याकडेच असते. हॉस्पिटलात करीत असू तशी त्याच्यावर पांढरी पट्टी चिकटवून आम्ही 'शुक्रवार' असे लिहून ठेवले आहे. त्याखाली सुनेने इंग्रजीत आपले नाव लिहिले आहे. फुले अजून येतात, पण आता ती उगाचच येतात, म्हणून जास्त चांगली वाटतात.

इस्राएलमधल्या आमच्या नातेवाईक भगिनींनी चेरीऐवजी वसंतातले शेसेक घालून पाहावे, मुंबई-ठाण्याच्या भगिनींनी घट्ट हापूस घालून पाहावा. फ्रेंच लोक नाव बदलायला सांगतील, ते सांगू द्यावे. एवढे मात्र लक्षात ठेवावे: आपल्या दारात कुणी गरम भांडे घेऊन उभे राहिले आणि ते आत घेता येत नसले, तर भांड्याला नाही म्हणावे, पण त्याच श्वासात आणणाऱ्याला "बस, आपण दुसरं करू" असेही म्हणावे. आम्हांला ते म्हणायला एक वर्ष लागले.