एकाच व्यक्तीची दोन नावे

ग्रीन कार्डाच्या अर्जातला सर्वांत अवघड प्रश्न पहिल्याच पानावर होता : संपूर्ण नाव.

२००५ साली माझे लग्न झाले तेव्हा तबकातल्या तांदळांत अंगठीने माझे नवे नाव लिहिले गेले. त्याचे त्या वेळी मला काहीच वाटले नाही. मावश्यांनी पेढे वाटले, मी उखाणा घेतला, आणि महिन्याभरात त्या नावाने पासपोर्टाचा अर्जही केला. मराठी माणसाच्या नावाचे तीन भाग असतात. माझे तिन्ही बदलले. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची मुलगी आणि पासपोर्टावरची बाई या दोघींत सामाईक असे काही उरले असेल, तर ती फक्त जन्मतारीख.

तो पासपोर्ट माझ्या वडिलांच्या कारखान्यात छापला गेला होता. नाशिकरोडला ‘प्रेस’ म्हटले की वर्तमानपत्र कुणाच्या मनात येत नाही. येते ते भारत प्रतिभूती मुद्रणालय. टपालाची तिकिटे, मुद्रांकाचे कागद आणि देशभरच्या पासपोर्टांची पुस्तिका तिथेच तयार होते. नोटांचा छापखाना शेजारीच. वडील तिथे तीस वर्षे होते. स्वतः मात्र त्यांनी पासपोर्ट कधी काढला नाही. माझा हातात घेऊन त्यांनी आधी कागद बोटांनी चाचपला, शिलाई पाहिली आणि मगच आत कुणाचे नाव आहे ते वाचले.

जानेवारी २००६ मध्ये मी अमेरिकेत गेले ती एच-४ व्हिसावर. ‘एच-१बी’वर काम करणाऱ्याच्या पत्नीला किंवा पतीला मिळणारा हा व्हिसा. त्यावर तेव्हा तिथे राहता येई, शिकता येई, पण नोकरी करता येत नसे. कागदोपत्री माझे वर्णन ‘अवलंबित’ असे होते. नाशिकच्या एका महाविद्यालयात मी तीन वर्षे रसायनशास्त्र शिकवले होते; पहिल्या पगारातून आईला साडी आणि वडिलांना घड्याळ घेतले होते. माझी आईही जन्मभर घरीच राहिली, पैशासाठी वडिलांवरच अवलंबून होती. पण तसा शिक्का कुणी तिच्या कागदावर मारला नव्हता. परिस्थिती आणि तिचे कायद्याने केलेले नामकरण यांत फरक असतो, हे मला तिथे कळले. नवरा समजूतदार होता. पण समजूतदारपणा हीसुद्धा अखेर दुसऱ्याने द्यायची गोष्ट असते.

अवलंबित बाईच्या कायम निवासाची वाट नवऱ्याच्या अर्जातूनच जाते. नोकरीच्या आधारावर वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार ग्रीन कार्डे दिली जातात, आणि त्यांत अर्जदारांच्या बायकामुलांचीही मोजदाद होते. साधारणपणे कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यातली सात टक्क्यांहून अधिक मिळत नाहीत. भारत असो की आइसलँड, मर्यादा तीच. म्हणून भारतीयांची रांग मैलोगणती लांब. आपली तारीख आली की नाही हे दर महिन्याला निघणाऱ्या व्हिसा बुलेटिनमध्ये पाहायचे. घरी एकादशी-चतुर्थीसाठी कालनिर्णय पाहावे तसे आम्ही ते पाहत असू.

जुलै २००७ च्या बुलेटिनने मात्र जवळजवळ सगळ्यांसाठीच दार उघडले. आणि २ जुलैला, अर्ज द्यायच्या पहिल्याच दिवशी, ते पुन्हा लावून घेतले. वैद्यकीय तपासण्या झालेल्या, वकिलांचे पैसे भरलेले, आणि आता क्रमांकच शिल्लक नाहीत असे सांगण्यात आले. ‘लगे रहो मुन्नाभाई’ आदल्याच वर्षी येऊन गेला होता. १० जुलैला शेकडो भारतीयांनी इमिग्रेशन खात्याच्या संचालकांना फुलांचे गुच्छ पाठवले. खात्याने ती फुले लष्करी रुग्णालयांतल्या जखमी सैनिकांकडे वळवली. १७ जुलैला निर्णय फिरला आणि १७ ऑगस्टपर्यंत अर्ज स्वीकारायचे ठरले.

त्या एका महिन्यात माझा जन्म सिद्ध व्हायचा होता. नोंद सापडली, पण तीत नावच नव्हते. बारशाच्या आधीच रुग्णालयाने कळवलेली नोंद ती : वडिलांचे नाव, तारीख आणि ‘मुलगी’ एवढेच. आई भर पावसात कार्यालयात खेटे घालू लागली. फोनवर आधी गंगेचे पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आले ते सांगायची आणि मग आज कोणता कागद कमी पडला ते. शेवटी नोटरीसमोर तिने शंभर रुपयांच्या मुद्रांकावर शपथेवर लिहून दिले, की अमुक आणि तमुक ही दोन्ही नावे माझ्याच मुलीची असून ती एकच व्यक्ती आहे. वडील म्हणाले, ‘‘नीट वाचून सही कर. कागद आमच्याकडचा आहे, त्यावर खोटे शोभायचे नाही.’’

अर्जासोबतच्या माहितीपत्रकात आणखी एक रकाना होता : आईचे माहेरचे नाव. आडनाव मला ठाऊक होते. पण तिचे नाव? मामा तिला ताई म्हणत, आजी नुसतेच बाई म्हणे. मी फोन करून विचारले. पलीकडे क्षणभर शांतता. मग तिने ते नाव सांगितले, आणि ऐकू आले नसेल असे वाटून पुन्हा एकदा सांगितले. अठ्ठावीस वर्षांची झाल्यावर मी माझ्या आईचे नाव पहिल्यांदा ऐकले. ते विचारायला एका परक्या सरकारचा फॉर्म यावा लागला, याची लाज मला अजून वाटते.

त्या रात्री मला लक्ष्मीबाई टिळकांची आठवण झाली. त्या मूळच्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या, माहेरच्या मनकर्णिका गोखले. नारायण वामन टिळकांशी लग्न झाले आणि त्या लक्ष्मी झाल्या. टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा त्या त्यांच्यामागून लगोलग गेल्या नाहीत. त्यांनी तो १९०० मध्ये स्वीकारला, स्वतःला पटल्यावर. १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेली ‘स्मृतिचित्रे’ आपण पतिपत्नींची विलक्षण कहाणी म्हणून वाचतो. मला ती आता या मधल्या पाच वर्षांसाठी महत्त्वाची वाटते. नवऱ्याच्या मागून एखाद्या ठिकाणी जाणे आणि आपल्या पायांनी तिथे पोचणे, यांतले अंतर त्या वर्षांत आहे.

अर्ज दाखल झाल्याने मला काम करण्याचा परवाना मिळाला आणि २००८ मध्ये मी एका प्रयोगशाळेत रुजू झाले. पण त्या परवान्यावर काम सुरू केले की एच-४ चा आधार सुटतो. मग देशाबाहेर जायचे तर आधी वेगळी परवानगी लागते, नाहीतर अर्जच सोडून दिल्यासारखा होतो. माझी परवानगी संपली होती आणि तिचे नूतनीकरण मी आज-उद्या करत राहिले होते. २००९ मध्ये वडील अचानक गेले. तातडीची परवानगी घेऊन विमानात बसेपर्यंत आठ दिवस उलटले. एच-४ वरच राहिले असते तर त्याच रात्री निघाले असते. माझ्या पगाराची ही किंमत कोणत्याही हिशेबात बसत नाही. आणि तरीही मी तो परवाना नाकारला असता, असे मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही.

दहाव्याला पोचले. रामकुंडावर विधी झाल्यावर तीर्थोपाध्यायांनी आमच्या घराण्याची वही काढली. आजोबांच्या वेळी वडिलांनी केलेली सही तिच्यात होती. भावाचे नाव लिहून झाल्यावर मी म्हटले, ‘‘माझेही लिहा, माहेरचे. आणि आईचेसुद्धा, तिच्या माहेरचे.’’ त्यांनी मान वर करून आईकडे पाहिले, काही विचारले नाही आणि लिहिले. प्रतिज्ञापत्र मागितले नाही.

२०११ च्या उन्हाळ्यात कार्डे आली, दोन वेगवेगळ्या पाकिटांत. अर्ज मंजूर होईपर्यंत माझा निवास नवऱ्याच्या अर्जावर आणि आमच्या लग्नावर टांगलेला होता. मंजुरीनंतर तो माझा झाला. एवढ्या साध्या गोष्टीचा अर्थ, ज्यांचा संसार त्या रांगेत मोडला त्या बायकांना विचारावा. मला तसे काही सोसावे लागले नाही. तरी पाकीट फोडताना हात थरथरले. मागून आलेल्या अनेकींना तर ती २००७ ची खिडकीही मिळाली नाही. २६ मे २०१५ पासून काही एच-४ धारकांना काम करता येऊ लागले, तेही नवऱ्याच्या अर्जाने विशिष्ट टप्पा गाठला असेल तरच. रांग अजून आहेच. तिच्यात वाट पाहता पाहता मुले एकवीस वर्षांची होतात आणि आईबापांच्या अर्जातून गळतात.

कार्ड आल्याचे सांगायला मी आईला फोन केला. तिने पहिला प्रश्न विचारला, ‘‘त्याच्यावर कुठले नाव आहे?’’

‘‘सासरचे.’’

‘‘असू दे,’’ ती म्हणाली. ‘‘वहीत आहे ना.’’