केसपेपरच्या खिडकीपासून

तृतीयपंथी रुग्णांबद्दल आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यायचे ठरले की सभागृह, एक वक्ता, चहा-बिस्किटे अशी तयारी होते आणि समोर डॉक्टर बसतात. माझ्या मते चूक इथेच होते. डॉक्टर भेटण्याआधी रुग्णाला केसपेपरच्या खिडकीवरचा कारकून, दारावरचा मामा आणि ड्रेसिंगची सिस्टर भेटलेली असते. आधार कार्डावर पुरुषाचे नाव, अंगावर साडी. ते नाव मोठ्याने पुकारले जाते आणि बाकांवरची सगळी माणसे वळून बघतात. तिथूनच परतलेला रुग्ण कुठल्याही रजिस्टरात सापडत नाही. म्हणून ‘आमच्याकडे असे रुग्ण येतातच कुठे?’ हा आक्षेप मला उलटा वाटतो. 2011च्या जनगणनेत महाराष्ट्रात ‘इतर’ या रकान्यात 40,891 जणांची नोंद झाली. ही माणसे आजारी पडत नसतील, असे कोण म्हणेल?

दुसरा आक्षेप सभ्य आहे: ‘आम्ही सगळ्यांना सारखेच वागवतो.’ माणुसकीत हे ठीक, औषधोपचारात मात्र घातक. पोटरी सुजलेल्या रुग्णाला संप्रेरकांबद्दल विचारलेच नाही, तर दुकानातून आणून मनाने घेतलेल्या गर्भनिरोधक गोळ्या कळणार नाहीत आणि शिरेतल्या गुठळीची शंकाही येणार नाही. ‘निर्वाण’, म्हणजे लिंग आणि वृषण काढण्याची शस्त्रक्रिया, झालेल्यांत मूत्रमार्ग अरुंद होऊन लघवी तुंबू शकते. पण प्रोस्टेट ग्रंथी जागेवरच असते, हे कॅथेटर घालणाऱ्याला ठाऊक हवे. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या पारलिंगी पुरुषाचे हिमोग्लोबिन बायकांच्या मापाने वाचले तर निष्कर्ष चुकतो. त्याचे गर्भाशय असेल, तर गर्भाशयमुखाची तपासणीही राहून जाता कामा नये.

तृतीयपंथीयांना कायदेशीर ओळख देणारा सर्वोच्च न्यायालयाचा ‘नालसा’ निकाल 2014चा. वैद्यकीय अभ्यासक्रमाचा आढावा घ्यावा, असे 2019च्या तृतीयपंथी व्यक्ती हक्क संरक्षण कायद्याच्या कलम 15मध्येच लिहिले आहे. तरी 2024मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाला न्यायवैद्यकाचा सुधारित अभ्यासक्रम टीकेनंतर मागे घ्यावा लागला. त्यात समलिंगी संबंध पुन्हा ‘अनैसर्गिक’ गुन्ह्यांत घातले होते. पुस्तकाच्या भरवशावर किती थांबायचे?

मग स्वतंत्र वॉर्ड काढावा का? मुंबईच्या गोकुळदास तेजपाल रुग्णालयात 2023मध्ये 30 खाटांचा असा विभाग सुरू झाला, ते चांगलेच झाले. पण पुणे आणि कल्याणमधली तृतीयपंथीयांसाठीची ‘मित्र’ क्लिनिक अमेरिकी मदत थांबताच 2025मध्ये बंद पडली. वेगळे दालन पैशांवर उभे असते. शिवाय अपघात झालेला माणूस दालन बघून दाखल होत नाही.

‘कामाच्या रेट्यात नवे शिकवायला वेळ कुठला?’ हा आक्षेप मात्र खरा आहे, आणि त्याचे उत्तर आमच्या सोलापुरातच आहे. इथला कारकून मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी अशा चार बोलींत रांग हलवतो. समोरच्या म्हातारीला ‘अव्वा’ म्हणायचे की ‘आजी’, हे त्याला कुठल्या कार्यशाळेत शिकवले नाही. ते सरावाने आले. ‘तुम्हाला काय म्हणून हाक मारू?’ हा प्रश्नही त्याच सरावाचा आहे. ड्युटी बदलताना वीस मिनिटे, खिडकीपाशीच, दर महिन्याला, एवढे पुरे. नाव पुकारण्याऐवजी टोकन नंबर पुकारला तर खर्चही नाही. शिकवायला तृतीयपंथी समाजातलीच व्यक्ती बोलवावी, आणि शाल-श्रीफळावर बोळवण न करता तिला वक्त्याइतकेच मानधन द्यावे.