एका धुऱ्यावरून बारा महिने

नागपूरहून भंडाऱ्याकडे निघालेल्या प्रवाशाला शहापूर दिसते ते बहुधा गाडीच्या खिडकीतून. मुंबई-कोलकाता महामार्गावरचे हे गाव. मालमोटारींची वर्दळ, दुतर्फा दुकाने आणि काही मिनिटांत मागे पडणारी वस्ती. येथे कडे नाहीत, धबधबे नाहीत, नजर खिळवणारे बुरूज नाहीत. म्हणून हौसेखातर कॅमेरा बाळगणारा माणूस येथे सहसा उतरत नाही. तो पुढे कोका किंवा नागझिऱ्याच्या अरण्याकडे निघून जातो. परंतु महामार्ग सोडून थोडे आत चालत गेले, की धानाच्या बांध्या लागतात आणि त्यांच्या धुऱ्यांवर पळस-मोहाची झाडे भेटतात. या सपाट भूमीचे सौंदर्य एका फेरीत हाती लागत नाही. त्यासाठी त्याच धुऱ्यावर वर्षभर परतून यावे लागते.

स्थिर राहून काळ टिपण्याची ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली पेरलेल्या वाटाण्याची वाढ दिवसामागून दिवस टिपून ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट सिद्ध केला होता. एका अंकुरासाठी जे त्यांनी केले, ते एका शिवारासाठी कोणत्याही हौशी छायाचित्रकाराला करता येते. पूर्वी घरोघरी दिसणाऱ्या आगफा क्लिक-३ या साध्या कॅमेऱ्याच्या एका रोलवर बाराच छायाचित्रे निघत. महिन्याला एक, असा हिशेब त्या रोलने जणू घालूनच दिला होता. आज मोबाइलमध्ये हजारो छायाचित्रे मावतात. पण बाराचा संयम अजूनही उपयोगी पडतो. त्या जुन्या फिल्मवरचा थर जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून काढलेल्या जिलेटिनचा असे, हेही अनेकांना ठाऊक नसते. डिजिटल कॅमेऱ्याने निदान तो दोष दूर केला आहे.

चिखलाने निसरड्या झालेल्या अरुंद धुऱ्यावर तिपाई नीट उभी राहत नाही. कॅमेरा हातातच धरावा लागतो. कोपरे बरगड्यांना टेकवून, श्वास हलकेच सोडताना कळ दाबली, की हात कमी थरथरतो. शक्य तेव्हा मोहाच्या खोडाला पाठ टेकवावी. ५० मिलिमीटरच्या भिंगाला सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहून अधिक वेळ देऊ नये, हा जुना नियम येथे कामी येतो. दर वेळी चौकट तीच साधावी, म्हणून धुऱ्यावरचा एखादा दगड पायाखुणेसाठी निवडावा, एक झाड डाव्या कडेला ठेवावे आणि क्षितिजाची उंची बदलू देऊ नये.

वर्ष सुरू होते मृगापासून. भुईवर पऱ्ह्यांचा पोपटी चौकोन उमटतो आणि उरलेले शिवार काळेभोर राहते. आषाढ-श्रावणात चिखलणी झालेल्या बांध्या पाण्याने भरतात. आकाश जमिनीवर उतरते आणि रोवणी करणाऱ्या बायांची ओळ त्या आकाशात वाकून चालत असल्याचा भास होतो. ढगाळ उजेडात सावली कठोर पडत नाही, हिरव्या रंगाच्या सर्व छटा उमटतात. मात्र कंबर मोडून काम करणाऱ्या बाईचे छायाचित्र घेण्यापूर्वी तिला विचारणे, हा साधा शिष्टाचार आहे.

याच महिन्यांत साधू-साध्वी विहार थांबवून एका गावी स्थिरावतात. ओल्या भूमीवर असंख्य सूक्ष्म जीव उपजतात. चालण्याने त्यांची हिंसा घडू नये, हा चातुर्मासाचा हेतू. धुऱ्यावर उभ्या राहणाऱ्या छायाचित्रकारालाही त्यातून शिकण्यासारखे आहे. पाऊल पाहून टाकावे, कमी हिंडावे, रोप तुडवून चौकट साधू नये.

आश्विन-कार्तिकात लोंब्या पिवळ्या पडतात. कापणी होते, मळणीची वाट पाहणारे धानाचे पुंजणे उभे राहतात आणि सायंकाळी त्यांच्या सावल्या मोकळ्या बांध्यांवर लांबवर पसरतात. पौषात धुके येते. या अक्षांशावर डिसेंबरच्या अखेरीस सूर्य भरदुपारीही सुमारे ४५ अंशांपेक्षा वर चढत नाही. माणसाची सावली त्याच्या उंचीएवढी राहते आणि दिवसभर कोवळा उजेड मिळतो. धानाच्या ओलीवर वाढलेल्या लाखोळीला तेव्हा निळी फुले येतात. दुरून पाहता बांधीत पुन्हा थोडे पाणी साचल्यासारखे वाटते.

फाल्गुनात निष्पर्ण पळस पेटतो. पाठोपाठ मोह गळू लागतो आणि पहाटे टोपल्या घेऊन माणसे झाडाखाली येतात. फुले नीट वेचता यावीत म्हणून कोठे कोठे झाडाखालचा पाचोळा जाळतात. तो धूर चित्रात देखणा दिसतो, पण हीच आग कधी रानात शिरते. देखणे तेवढे निर्दोष असतेच असे नाही, हे कॅमेऱ्यामागच्या डोळ्याने विसरू नये. मेच्या अखेरीस आणि पुन्हा जुलैच्या मध्यास सूर्य मध्यान्ही जवळपास डोक्यावर येतो. खांबाची सावली खांबाच्या पायाशीच नाहीशी होते. उन्हाळ्यात म्हणून सकाळी सातच्या आतच काम आटोपावे. भेगाळलेली जमीन तेव्हा तिरप्या उजेडात स्पष्ट वाचता येते.

एक पथ्य मात्र कोणत्याही ऋतूत पाळावे. जवळच जवाहरनगरचा आयुध निर्माणी कारखाना आहे. त्या परिसरात कॅमेरा पिशवीतच ठेवावा.

या साऱ्या खटाटोपाचे मोल केवळ रम्य चित्रांपुरते नाही. भंडारा हा तलावांचा जिल्हा. गोंड राजवटीच्या काळात कोहळी समाजाने येथे तलाव बांधले आणि त्यांच्या पाण्यावर धान पिकू लागले. १९५०च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे आले आणि ‘माजी मालगुजारी’ म्हणजेच ‘मामा तलाव’ या नावाने ओळखले जाऊ लागले. त्यांपैकी कित्येकांत आता गाळ साचला आहे, काठाने बेशरमाची झुडपे माजली आहेत, कोठे पाण्याच्या जागेत शेत सरकले आहे. हा बदल इतका सावकाश होतो, की रोज तेथून जाणाऱ्याच्या लक्षात येत नाही. वर्षाला हातभर हटणारा काठ डोळा विसरतो. त्याच दगडावरून, त्याच महिन्यात घेतलेले चित्र विसरत नाही.

वर्षअखेरीस बारा चित्रे एका ओळीत मांडून पाहावीत. जूनमध्ये पूर्वेच्या सुमारे २५ अंश उत्तरेस उगवलेला सूर्य डिसेंबरात तितकाच दक्षिणेस सरकलेला दिसेल आणि जूनमध्ये पुन्हा जागेवर येईल. धानही परत येईल, पळसही फुलेल. दुसऱ्या वर्षीची बारा चित्रे त्याखाली लावली, की जे परत आले नाही तेही दिसू लागते: आटलेला काठ, तोडलेला मोह, बुजलेली बोडी. ती ओळ ग्रामसभेत दाखवता येते. गाळ काढण्याची मागणी करणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती तो पुरावा ठरतो. मग शहापूरच्या शिवारात जाताना कॅमेऱ्यापेक्षा धुऱ्यावरचा तो दगड आठवणीत ठेवणे अधिक महत्त्वाचे ठरते.