पाण्याची नावं

२०१५पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं, शाळेतली आंतरवासिता वीस आठवड्यांची. नांदेड-लातूरकडे त्यातले पहिले काही दिवस नुसते ऐकण्यात जातात.

साधं पाणी घ्या. किनवटच्या गोंडी बोलणाऱ्या पोराकडे ते ‘येर’, धर्माबादच्या तेलुगू घरात ‘नीळ्ळु’, उदगीर-देवणीच्या कानडी घरात ‘नीरु’. छात्राध्यापिकेचं पाठटाचण सुबक असतं. उद्दिष्टं, साधनं, मूल्यमापन, सगळं रकान्यात. या शब्दांना मात्र रकाना नाही.

रकान्यात न बसणारं आणखी एक: दिवाळीनंतर मुखेड-कंधारकडची काही घरं पोरांसह ऊसतोडीला जातात. हजेरीपटावर नाव, सतरंजीवर जागा रिकामी.

पाठाच्या दिवशी निरीक्षक मागे बसून गुण देतात (फळ्यावरच्या अक्षराला जरा जास्तच). छात्राध्यापिकेच्या डायरीत त्या दिवशी गुण नसतात. ‘येर’ असतं, खाली दोन रेघा मारलेलं.