दोष कुणाचा?

आमच्या हातकणंगल्यात एखाद्या घरी आखूड हातापायांचे मूल जन्मले की पहिला सवाल आईला होतो. ग्रहणात काय चिरलेस? कुणाची नजर लागली? मग तावीज, नवस. कुणी मुडदूस सांगतो, कॅल्शियमच्या बाटल्या सुरू होतात. चार बुके शिकलेला असेल तर तो म्हणतो, "नात्यात लग्न केलं, आता भोगा."

आमच्या उर्दू शाळेत दुसरीला अशी एक मुलगी आहे. कपाळ पुढे आलेले, बोटे आखूड, पाढ्यांत सगळ्यांच्या पुढे. तिच्या आजाराचे नाव अकॉन्ड्रोप्लेजिया. त्याला कारण असलेला जनुकातला बदल १९९४ साली सापडला. हाडांच्या टोकाशी असलेल्या कूर्चेची वाढ आवरून धरणे हे या जनुकाचे काम. तो बिघडला की आवरणे थांबतच नाही. बिघाड केवढा? इमला लिहिताना एक नुक्ता सरकावा आणि हरफच बदलावा, तेवढा. अशा दहापैकी आठ मुलांचे आईबाप सामान्य उंचीचे असतात. त्यांच्या बाबतीत बदल नव्याने घडतो आणि संशोधकांना तो जवळजवळ नेहमी बापाच्या बीजात घडलेला आढळला. बापाचे वय वाढते तशी शक्यता वाढते. नात्यातल्या लग्नाचा इथे संबंध नाही.

आम्ही हे तिच्या दादीला समजावले. दादीने आधी मुलाकडे पाहिले, मग सुनेकडे. म्हणाली, "बाप से भी होता क्या?"

बापाचाही यात गुन्हा नाही, हे सांगायला आम्हांला आणखी अर्धा तास लागला.

मॉर्किओची गोष्ट वेगळी. तिथे आई आणि बाप दोघांकडूनही सदोष जनुक यावे लागते. तसे जोडपे असेल तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक धोका. मूल जन्मतः बहुधा ठीक दिसते, पुढे पाठीचा कणा, गुडघे वाकू लागतात. एकाच आजोबाचा दोष दोन्हीकडून उतरू शकतो, म्हणून इथे नात्याचा प्रश्न खरा आहे. मामाची मुलगी करण्याची रीत आमच्या हिंदू शेजाऱ्यांतही आहे. आमच्यात चुलत-मावसही चालते. पण जायज आहे म्हणजे फर्ज नव्हे. घरात असे मूल झाले असेल तर पुढचे नाते ठरवण्याआधी रक्त तपासून घ्यावे. मॉर्किओवर २०१४ पासून औषध आहे, दर आठवड्याला शिरेतून द्यायचे. हाडांना त्याचा फायदा थोडाच. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात मुंबईचे केईएम रुग्णालय केंद्र म्हणून नेमले गेले, २०२२ मध्ये मदत ५० लाखांपर्यंत वाढली. आयुष्यभराच्या औषधाला तीही पुरणारी नाही.

आमच्या मुलीच्या आजारावर २०२१ मध्ये युरोप-अमेरिकेत व्होसोरिटाइडला मंजुरी मिळाली. रोज एक सुई, वर्षाला साधारण दीड सेंटीमीटर जादा उंची. तिच्या वडिलांनी ऐकले आणि किंमत विचारली नाही. शाळेत काय सांभाळायचे, एवढेच विचारले. अशा मुलांत कवटीच्या तळाचे छिद्र अरुंद असते, म्हणून कोलांटउड्या बंद. खेळाच्या तासाला ती खो-खोचे गुण मांडते, आणि आपल्याला का घेत नाही म्हणून आमच्यावर रुसते.