मामाची खाडी

आम्ही खारदांड्याचे. दारात उघडा समुद्र, त्यामुळं पाणी म्हणजे आदळणारंच, असं लहानपणी वाटायचं. मामाचं घर आमच्या दक्षिणेला, माहीमच्या खाडीकाठी धारावी कोळीवाड्यात. मे महिन्यात बाबा होडीनं सोडायला यायचे. वांद्र्याच्या किल्ल्याला वळसा घालून माहीमच्या पुलाखालून आत शिरलं, की लाटा एकदम संपायच्या. पाणी झोपल्यासारखं.

“झोपलं नाय रं, चाललंय,” मामा म्हणायचा. दिवसातून दोनदा आत, दोनदा बाहेर. पुनवेला-अवसेला भरती बाराच्या सुमाराला, अष्टमीला सहाच्या. मामाकडं घड्याळ नव्हतंच. ओहोट लागली की चिखलातून तिवरांची मुळं खिळ्यांसारखी वर दिसायची, निवट्या टुणटुण उड्या मारायच्या. मामी गुडघाभर चिखलात उतरून खुबे, चिंबोऱ्या काढायची. मामा जाळं फेकून बोय धरायचा.

खाडीला वरून मिळते ती मिठी नदी. विहार-पवई तलावांचं जादा पाणी घेऊन सुमारे 18 किलोमीटर येते. पूर्वी इथं तरीनं पलीकडं जावं लागे. 1845 साली कॉजवे झाला, लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी त्यासाठी 1 लाख 57 हजार रुपये दिले. आम्हा पोरांना त्याचं काय! पुलाखाली ओरडलं की आवाज परत येतो, एवढंच ठाऊक.

पुढं खाजणात भराव पडत गेला, वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं. कारखान्यांचं, वस्त्यांचं सांडपाणी आलं. बोयला रॉकेलसारखा वास मारू लागला. गिऱ्हाईक मासळी नाकाशी नेऊन परत टोपलीत ठेवी. मामानं जाळं आढ्याला टांगलं.

नोकरीला लागल्यावर एकदा मित्रांना सांगितलं, “त्या नाल्याजवळ माझ्या मामाचं घर.” मामा मागंच उभा होता. काही बोलला नाही. त्या दिवशी चहासुद्धा विचारला नाही त्यानं.

26 जुलै 2005. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस, त्यात दुपारची भरती. मिठीचं पाणी उतरणार कुठं? मामाचा फोन लागेना. तिसऱ्या दिवशी कसाबसा पोचलो. मामा दाराच्या चौकटीवरची चिखलाची रेघ पुसत होता.

मला बघून म्हणाला, “नाला भरतीसाठी थांबतो काय रं?”

मी दुसरं फडकं घेतलं नि आतली भिंत पुसायला लागलो.